तक्रार मिटली: कर्वेनगरमधल्या एका रॉटवायलरचं प्रकरण

आमच्या सोसायटीच्या तक्रारवहीत माझ्या अक्षरातली एक नोंद आहे. "एप्रिल २०२४. ब्रूनो लिफ्टमध्ये लहान मुलावर गुरगुरला. काकांनी त्याला समज दिली. तक्रार मिटली." ब्रूनो म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या काकांकडचा रॉटवायलर कुत्रा. त्या नोंदीनंतर चार महिन्यांनी त्याच लिफ्टच्या दारात तो घरकामाच्या मावशींना कडकडून चावला. मधल्या काळात, पहिला महिना सोडला तर, तो एकदाही कुणावर गुरगुरला नव्हता आणि त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो. ते गुरगुरणं का थांबलं होतं हे मला चाव्यानंतर कळलं. तेच सांगण्यासाठी हे लिहिते आहे. माणसांची नावं आणि सोसायटीचं नाव मुद्दाम गाळलं आहे.

मंगळवारची सकाळ

पुण्याच्या कर्वेनगरात नदीच्या अंगाला आमची जुनी इमारत आहे. ३६ घरं, एक लिफ्ट, पाच पाळीव कुत्री. ब्रूनो रॉटवायलर जातीचा, साडेतीन वर्षांचा, ४६ किलोचा. मुलाने हौसेने आणलेला, पण मुलगा २०२२ पासून बंगळुरूला नोकरीला. इथे दुसऱ्या मजल्यावर काका आणि काकू दोघंच. काकांचं वय ७१, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, चालताना काठी लागते.

ऑगस्टमधल्या त्या मंगळवारी सव्वासातला काका ब्रूनोला घेऊन लिफ्टने खाली आले. एका हातात काठी, दुसऱ्या मनगटाला साखळीचे दोन वेढे. आमच्या लिफ्टला ओढायचं जाळीचं दार आहे. काकांचे दोन्ही हात अडकलेले पाहून बाहेर उभ्या असलेल्या मावशींनी मदत म्हणून दार ओढलं. जाळी खडखडली, मावशींचा हात ब्रूनोच्या उजव्या कानाजवळून गेला, आणि पुढच्या क्षणी तो हात त्याच्या जबड्यात होता. काका साखळीसकट खाली पडले. वॉचमनने गाडी धुवायची बादली ब्रूनोच्या तोंडावर ओतली तेव्हा त्याने हात सोडला. मावशींच्या कोपराखाली तीन खोल जखमा, आणि पडताना पोटरीला झालेला ओरखडा.

यानंतरच्या तासाभरात बऱ्याच गोष्टी चुकीच्या होऊ शकल्या असत्या. काकू घाबऱ्याघुबऱ्या हळदीचा डबा घेऊन आल्या. तळमजल्यावर राहणाऱ्या निवृत्त नर्सबाईंनी तो बाजूला ठेवला आणि मावशींचा हात पार्किंगच्या नळाखाली धरून कपड्याच्या साबणाने धुवायला सुरुवात केली, घड्याळ लावून पूर्ण १५ मिनिटं. मावशी कळवळत होत्या, बघणाऱ्यांपैकी एकदोघं "पुरे आता" म्हणत होते, पण बाईंनी ऐकलं नाही. रेबीजच्या विषाणूवर चरबीचं आवरण असतं आणि साबण ते फोडतो. लस मिळेपर्यंत आपल्या हातात असलेला सगळ्यात मोठा उपाय हाच. हळद, तिखट, चुना, तेल यांतलं काहीही जखमेवर घालायचं नाही.

जवळच्या खासगी दवाखान्यात टाके घालायची तयारी सुरू झाली होती. तिथेही नर्सबाईच आडव्या आल्या. रक्त आलेला चावा म्हणजे तिसऱ्या, सगळ्यात गंभीर श्रेणीची जखम. तिथे लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन जखमेच्या आत आणि भोवती द्यावं लागतं. लसीने शरीरात संरक्षण तयार व्हायला दिवस लागतात, तोवर विषाणूला जागच्या जागी अडवायचं काम हे इंजेक्शन करतं. त्याआधी जखम शिवली तर विषाणू आत ढकलला जाण्याची भीती असते. त्या दवाखान्यात इम्युनोग्लोब्युलिन नव्हतं. रिक्षा करून सरकारी रुग्णालयात गेलो, तिथे ते मिळालं आणि लसीचा पहिला डोसही. पुढचे डोस तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी.

रुग्णालयात पहिला प्रश्न आला तो कुत्र्याच्या लसीचा. काकूंनी फोनवर कार्ड वाचून दाखवलं. शेवटची रेबीजची लस मार्च २०२३ मध्ये, म्हणजे मार्च २०२४ ची राहून गेलेली. मुलाला वाटलं वडिलांनी नेलं असेल, वडिलांना वाटलं मुलगा सुट्टीत आला की नेईल. पुणे महापालिकेच्या हद्दीत कुत्रा पाळायला परवाना लागतो आणि त्यासाठी रेबीज लसीचा दाखला जोडावा लागतो. परवाना त्यांनी काढलेलाच नव्हता, नाहीतर नूतनीकरणाच्या निमित्ताने तरी तारीख लक्षात आली असती. आता ब्रूनोवर दहा दिवस नजर ठेवायची होती, कारण चावताना लाळेत विषाणू असेल तर कुत्रा तेवढ्या काळात आजारी दिसतो किंवा मरतो. ब्रूनो दहा दिवस धडधाकट राहिला. ते दहा दिवस मावशींनी कसे काढले असतील याची मला कल्पना आहे, कारण त्या रोज सकाळी मला एकच विचारायच्या, "जेवला का तो?"

वहीत सगळं होतं

त्या आठवड्यात मी तक्रारवही घेऊन बसले. ब्रूनोबद्दल चार नोंदी होत्या.

पहिली जून २०२३ ची, दुपारभर भुंकण्याची. शेजाऱ्यांची झोपमोड होते म्हणून केलेली, आणि आम्हीही ती आवाजाची तक्रार म्हणूनच हाताळली. काकांनी गॅलरीचं दार लावून घेतलं. ब्रूनो का भुंकतो असं कुणी विचारलं नाही. तो सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत गॅलरीत आखूड साखळीला बांधलेला असायचा. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे. त्याच्या ११ व्या कलमात जनावर अवाजवी वेळ आखूड साखळीला बांधून ठेवणं, आणि सतत बांधलेल्या कुत्र्याला पुरेसं न फिरवणं, या दोन्ही गोष्टी गुन्हा म्हणून लिहिलेल्या आहेत. आम्हाला हे ठाऊक नव्हतं. काकांनाही नव्हतं, त्यांच्या लेखी बांधलेला कुत्रा म्हणजे सुरक्षित कुत्रा.

दुसरी ऑक्टोबर २०२३ ची. मांजर बघून ब्रूनोने ओढ घेतली आणि काका पार्किंगमध्ये पडले. सगळे त्यांच्या गुडघ्याची विचारपूस करून आले. या माणसाला हा कुत्रा आवरत नाही, ही त्यातली खरी बातमी होती, पण ती बोलून दाखवणं म्हणजे म्हाताऱ्या माणसाचा अपमान. पुण्यात आपण एवढे भिडस्त असतो की उघड दिसणारी गोष्टही तोंडावर म्हणत नाही.

तिसरी जानेवारी २०२४ ची. कुरिअरच्या मुलाची पॅन्ट फाटली. दात लागले नाहीत, काकांनी त्याला पैसे दिले, तो गेला.

चौथी एप्रिलमधली, माझ्या अक्षरातली. लिफ्टमध्ये चौथीतल्या एका मुलाने ब्रूनोच्या डोक्यावर हात ठेवला. ब्रूनो ताठ झाला, गुरगुरला. मुलाच्या आईने वरच्या मजल्यावरून खाली येऊन जाब विचारला. काकांना फार लाज वाटली आणि त्यांनी सगळ्यांसमोर ब्रूनोला चपलेने मारलं. पुढेही तो गुरगुरला की मार बसायचा. महिनाभरात गुरगुरणं थांबलं आणि काकांनी मला आनंदाने सांगितलं, "सुधारला."

चाव्यानंतर ब्रूनोला ट्रेनिंग द्यायला आलेल्या तरुणाला मी ही नोंद दाखवली. त्याने ती दोनदा वाचली. मग मला म्हणाला, "काकू, गुरगुरणं ही त्याची सूचना होती. 'लांब राहा' एवढंच म्हणत होता तो. मारून तुम्ही सूचना बंद केली, पण आतली भीती तशीच राहिली." कुत्रा आधी नजर चुकवतो, जांभई देतो, ओठ चाटतो, मग अंग ताठ करतो, मग गुरगुरतो, आणि यातलं काहीच चाललं नाही तर चावतो. मधली पायरी आम्ही काढून टाकली होती. अशाच कुत्र्यांबद्दल नंतर लोक म्हणतात, "अचानक चावला हो, काही कारण नसताना."

कारणं तर ढिगाने होती. पिल्लू घरी आलं ते एप्रिल २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, ४० दिवसांचं असताना. २०१७ च्या श्वान प्रजनन आणि विक्री नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही, पण विकणाऱ्याने विकलं आणि घेणाऱ्याने घेतलं. पिल्लाच्या आयुष्यात साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्याचा काळ जग ओळखून घेण्याचा असतो. तेव्हा त्याने माणसं, मुलं, छत्र्या, सायकली, इतर कुत्री पाहिली की पुढे त्यांचं भय वाटत नाही. ब्रूनोचा त्यातला बहुतेक काळ बंद दारामागे, मास्क लावलेल्या तीन माणसांत गेला.

त्यात २०२४ चा तो पावसाळा. २५ जुलैला खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्याने मुठेचा काठ बुडाला आणि ब्रूनोची सकाळची फिरायची वाट चिखलात गेली. फिरणं म्हणजे पार्किंगमधल्या दोन फेऱ्या झाल्या. त्याच सुमाराला नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव रोज संध्याकाळी चालू. आपल्याला तो आवाज गणपती जवळ आल्याचा, हवाहवासा. गॅलरीत बांधलेल्या कुत्र्याला त्यापासून लांब जायला जागा नाही. काकू सांगतात, सराव सुरू झाला की तो थरथरायचा आणि भिंतीत तोंड खुपसायचा.

शेवटचं कारण प्राण्यांच्या डॉक्टरांना सापडलं. तोंडाला जाळीचं मुसकं बांधून तपासणी केली तेव्हा उजव्या कानात जुना, चिघळलेला संसर्ग निघाला. पावसाळ्यात कुत्र्यांना हे नेहमी होतं. कान इतका ठणकत होता की भूल दिल्याशिवाय हात लावू देईना. मावशींचा हात त्याच कानाजवळून गेला होता.

दोष जातीचा?

सोसायटीच्या ग्रुपवर त्याच रात्री एक मजकूर फिरला: "रॉटवायलरवर सरकारची बंदी आहे, हा कुत्रा बेकायदा आहे." यातलं खरं इतकंच. १२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने राज्यांना पत्र पाठवून पिटबुल, रॉटवायलर, मास्टिफ अशा २३ जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवायला आणि आधीपासून पाळलेल्यांची नसबंदी करायला सांगितलं होतं. पण संबंधितांचं म्हणणं न ऐकता ते काढलं, या कारणावरून कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिलमध्येच ते रद्द केलं, आणि दिल्ली उच्च न्यायालयातही ते टिकलं नाही. आणि त्या पत्रातसुद्धा घरातला कुत्रा काढून टाका असं नव्हतं.

जातीच्या प्रश्नावर माझं मत या प्रकरणातून बनलं आहे, आणि दोन्ही टोकांच्या लोकांना ते आवडत नाही. 'सायन्स' नियतकालिकात २०२२ मध्ये १८ हजारांहून अधिक कुत्र्यांचा अभ्यास आला. कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो त्यातला सरासरी जेमतेम ९ टक्के भाग जातीने समजावता येतो, असं त्यात दिसलं. नेदरलँड्सने १९९३ मध्ये पिटबुलवर बंदी घातली आणि चावे कमी झाले नाहीत म्हणून २००८ मध्ये उठवली. तेव्हा "रॉटवायलर म्हणजे चावणारच" हे मला पटत नाही. पण "सगळी कुत्री सारखीच, सगळं संगोपनावर" हेही मी मावशींच्या हाताकडे बघून म्हणू शकत नाही. आमच्याच इमारतीतली पामेरियन आजवर तिघांना चावली आहे आणि तिघंही दुसऱ्या दिवशी कामावर गेले. चावायची वेळ येणार की नाही हे बहुतेक माणसांच्या वागण्यावर ठरतं, पण आली तर काय उरतं हे जबडा आणि वजन ठरवतं. जर्मनीत गुरं हाकायला आणि राखणीला घडवलेलं जनावर दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये आणायचं तर त्याला धरणारा हात, त्याला लागणारा व्यायाम, त्याच्या तपासण्या हे सगळं त्या वजनाच्या हिशोबात असायला हवं. ४६ किलोचा कुत्रा आणि काठी टेकणारे ७१ वर्षांचे गृहस्थ, हे गणित ज्या दिवशी मुलगा बंगळुरूला गेला त्याच दिवशी चुकलं होतं. कुत्र्याची मालकी मुलाकडे राहिली आणि साखळी बापाच्या मनगटावर आली.

जुलै २०२२ मध्ये लखनौला घरातल्याच पिटबुलने ऐंशी पार केलेल्या आजींचा जीव घेतला, तेव्हाही तो कुत्रा मुलाचा होता आणि त्या वेळी घरात आई एकटी होती. ही बातमी मी तेव्हा वाचली होती. आपल्या दुसऱ्या मजल्याशी तिचा काही संबंध असेल असं वाटलं नाही.

सभा

विशेष सभेत पहिला ठराव आला तो कुत्रा आठ दिवसांत बाहेर काढण्याचा. २२ जणांचा त्याला पाठिंबा होता. सोसायटीला तसं करता येत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला कुत्रे पाळण्यावर बंदी घालता येत नाही, बहुमताने ठराव केला तरीही. लिफ्ट नाकारता येत नाही, मुसक्याची सक्ती करता येत नाही. सामायिक जागेत साखळीला धरूनच न्यावं एवढं सांगता येतं. हे मी वाचून दाखवल्यावर खूप आरडाओरडा झाला. "म्हणजे आम्ही चावून घ्यायचं का?" हा प्रश्न चुकीचा नव्हता.

उत्तर होतं ते मालकावरच्या जबाबदारीत. भारतीय न्याय संहितेचं २९१ वं कलम जनावराबाबतच्या निष्काळजीपणाचं आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आमच्यातल्या एका वकील सभासदांनी गिरगावच्या न्यायालयाचं उदाहरण दिलं. मुंबईत २०१० मध्ये एका वृद्ध गृहस्थांना रॉटवायलर चावला होता. २०२३ मध्ये न्यायालयाने त्याच्या मालकाला तीन महिन्यांची कैद सुनावली. बंगळुरूहून आलेला मुलगा तोवर "नुकसानभरपाई देतो ना" असं म्हणत होता. हे ऐकल्यावर खाली बसला आणि मग पहिल्यांदा त्याने काकांकडे बघून विचारलं, "बाबा, तुम्हाला तो आवरतच नव्हता ना?" काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तू म्हणाला असतास, बाबांना जमत नाही, तर मला आवडलं नसतं."

मुलाने स्वतः लिहून दिलं ते असं. ब्रूनोला काका किंवा काकू खाली नेणार नाहीत. सकाळी साडेपाचला आणि रात्री दहाला पगारी माणूस येऊन फिरवेल, जिन्याने. घराबाहेर मुसकं असेल. ते आम्ही सक्तीने लावू शकत नव्हतो, त्याने आपणहून मान्य केलं. मुसकं म्हणजे तोंड आवळून बांधणारा पट्टा नव्हे. जाळीचं मोकळं मुसकं, ज्यात कुत्र्याला धापा टाकता येतात आणि पाणी पिता येतं, आणि त्याची सवय खाऊ देत देत तीन आठवडे लावून करायची. गॅलरीतली साखळी काढली. कानाचे उपचार, लस, परवाना, नसबंदी हे सगळं महिन्याभरात झालं. मुलाने कंपनीकडे पुण्याची बदली मागितली. ती मिळायला सात महिने लागले. तोवर रोजचा खर्च त्याच्या पगारातून गेला, आणि मला ते योग्यच वाटतं.

त्यानंतर ब्रूनो कुणाला चावलेला नाही. ढोल-ताशाचा सराव सुरू झाला की त्याला आतल्या खोलीत, पंखा आणि रेडिओ लावून ठेवतात. तो अजूनही थरथरतो. गुरगुरायलाही लागला आहे, आणि ट्रेनर म्हणतो की ही चांगली खूण आहे.

मावशी

या प्रकरणातला मला न सुटलेला भाग मावशींचा आहे. पोलीस तक्रार करायची की नाही हे त्यांनी ठरवायचं होतं. आम्ही चौकीत गेलो तेव्हा आधी "आपसात मिटवा" असंच ऐकायला मिळालं, पण मुख्य अडचण ती नव्हती. मावशींच्या भोवती उभे असलेलो आम्ही चौघं होतो, आणि चौघांच्याही घरी त्या धुणंभांडी करत होत्या. काकूंच्याही घरी. मी त्यांना सांगितलं की तक्रार केलीत तर तुमच्या बाजूने मी उभी राहीन. त्या म्हणाल्या, "नको ताई, म्हातारी माणसं आहेत." हे त्यांच्या मनातून आलं की कामं जाण्याच्या भीतीतून, हे मी सांगू शकत नाही. तक्रार झाली नाही.

औषधोपचाराचा खर्च, बुडालेल्या १९ दिवसांची चारही घरांची मजुरी आणि वर एक रक्कम मुलाने दिली. मजुरीचा हिशोब मी घरोघरी जाऊन केला. एका घरात मला विचारलं गेलं, "कुत्रा आमचा नाही, खाडे झाले तर पगार आम्ही का द्यायचा?" पगार मुलगाच देणार होता, तरी हा प्रश्न आला.

अठ्ठाविसाव्या दिवशीचा डोस घेऊन आम्ही रिक्षाने परत येत होतो. मी सभेत काय काय ठरलं ते त्यांना सांगितलं: मुसकं, पगारी माणूस, वेळा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्याच्या वेळा आधीपण होत्या का?"

होत्या. काका रोज सव्वासातलाच खाली यायचे, आणि मांजराच्या प्रसंगानंतर ते आम्ही ग्रुपवर टाकलं होतं, म्हणजे मुलांच्या आया तेवढी दहा मिनिटं थांबतील. ग्रुपवर ३६ घरं आहेत. मावशी नाहीत, वॉचमन नाही, दूधवाला नाही, जिना झाडणारी बाई नाही. सकाळी सव्वासातला लिफ्टपाशी असतात ती हीच माणसं.

आता फाटकाच्या आत एक फळा आहे. पाचही कुत्र्यांच्या खाली यायच्या वेळा, आज कोण फिरवणार आणि कुणाला फोन करायचा, हे मराठी आणि हिंदीत लिहिलेलं असतं. मावशींना वाचता येत नाही, म्हणून त्या फाटकाशी थांबतात आणि वॉचमन त्यांना सांगतो, "ब्रूनो वर गेला." मग त्या आत येतात, आणि लिफ्ट उभी असली तरी जिन्यानेच जातात.